फुलं लागतात, शेंग धरत नाही: शाहूपुरीतल्या बाकल्याचं प्रकरण

साताऱ्यात माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान २७ वर्षं चाललं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो, मी सकाळी तासभर जाऊन पेपर वाचून येतो. एवढ्या वर्षांत "फुलं भरपूर लागतात हो, पण शेंग धरत नाही" हे किती वेळा ऐकलं असेल त्याचा हिशेब नाही. त्यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं, आणि ते मागच्या कपाटात बाटलीत भरून ठेवलेलं असायचं. या प्रकरणात ते उत्तर साफ चुकलं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

घर शाहूपुरीतलं, माझ्या शेजारचं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, वय ६८, हयात इंग्रजी शिकवण्यात गेली. परसबागेत मात्र शब्द वहिनींचा चालतो. घरामागे साधारण २० फूट बाय १२ फूट जागा. बांधकामाच्या वेळी टाकलेल्या मुरमावर दरवर्षी शेणखत आणि पालापाचोळा पडत गेला, त्यामुळे वरची वीतभर माती काळपट, भुसभुशीत झालीय. खाली अजून दाबलेला मुरूमच, म्हणून जोराच्या पावसात पाणी मुरायच्या आधी थबकतं. हे पुढे लागणार आहे. बागेत दोडका, कारलं, कोपऱ्यात अळू, आणि मृग बरसला की न चुकता पावटा. पावट्याच्या मांडवाला गुरुजी स्वतः तारा ओढतात. मार्गशीर्षात आम्हा दोन्ही घरांना शेंगा विकत घ्याव्या लागत नाहीत.

२०२१ च्या डिसेंबरात त्यांची मुलगी इंग्लंडातल्या लेस्टरहून आली. बाबांना बागेची आवड म्हणून तिने 'ब्रॉड बीन्स'चं एक पाकीट आणलं. वर चित्रात जाड, गुबगुबीत हिरव्या शेंगा, आत अंगठ्याच्या नखाएवढ्या चपट्या ३० बिया. मागे पेरणीचे महिने छापलेले: फेब्रुवारी ते एप्रिल.

इथे दुकानदार म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. परदेशातून असं बी सामानात घालून आणू नये. २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे बियाणं देशात आणायला परवाना आणि त्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बियांच्या पोटात किडे येतात, विषाणू येतात, आणि ते कुंपण ओळखत नाहीत. गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा बी मातीत जाऊन दोन महिने झाले होते.

पाकीट हातात घेऊन गुरुजींनी पहिलं काम केलं ते शब्दकोश काढण्याचं. त्यात 'ब्रॉड बीन' समोर वाल, घेवड्याचा एक प्रकार, असं काहीसं निघालं. त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडे पावट्याच्या आणि सेमच्या पाकिटावर 'ब्रॉड बीन्स' छापलेलं मी स्वतः पाहिलंय. इंग्रजी नाव एकच, झाडं दोन: एक आपला पावटा, दुसरा या पाकिटातला बाकला. गुरुजींनी मनाशी ठरवलं की हा विलायती पावटा. या प्रकरणातली सगळी गफलत इथून सुरू झाली.

१२ फेब्रुवारी २०२२ ला त्यांनी २४ बिया लावल्या. आळी केली, बोटाचं एक पेर खोल टोकल्या, वर मांडव बांधला. २१ उगवल्या. झाडं तरतरीत, निळसर हिरवी, गुडघ्याएवढी झाली, पण मांडवाकडे बघेनात. वहिनी रोज संध्याकाळी एकेक शेंडा तारेकडे वळवायच्या, सकाळी तो पुन्हा सरळ उभा. पावट्याचा वेल स्वतःला गुंडाळून घेतो, इथे तर धरायला तणावाही नव्हता. "पोर हट्टी आहे," एवढं म्हणून त्यांनी सुतळीने बांधून टाकलं.

मार्चच्या अखेरीस फुलं आली. पांढरी, पंखांवर काजळाचं बोट ठेवल्यासारखा काळा ठिपका, आणि वास इतका गोड की मागचं दार उघडलं की घरात यायचा. दहा दिवसांत सगळ्या फुलांचा आळ्यात सडा पडला. शेंग एकही नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी कंपाउंडवरून हाक मारली, "बापू, जरा येऊन बघा हो. फुलं लागतायत, शेंग धरत नाही."

मी गेलो. पानाची मागची बाजू पाहिली, शेंड्यावर थोडी माव्याची कीड दिसली. खत काय दिलं विचारलं, पाणी किती देता विचारलं. मग दुकानातून फूलगळ थांबवायचं संजीवक, बोरॉन आणि झिरो-बावन्न-चौतीस हे फवारायचं खत आणून दिलं. दोन फवारे झाले. दुसऱ्या बहराची फुलंही गळली. तेव्हा मी एक झाड उपटून मुळं पाहिली. हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी जवळजवळ नव्हत्याच. मला हायसं वाटलं, कारण सापडलं म्हणून. "नत्र कमी पडतंय, गुरुजी." त्यांनी शेणखताची स्लरी ओतली. पानं आणखी हिरवी झाली आणि मेच्या सुरुवातीला झाडं उभी वाळली. वाळताना ती पिवळी पडली नाहीत, जाळल्यासारखी काळी झाली. वहिनींना वाटलं माझ्याच औषधाने जळली. (बाकला वाळताना काळा पडतोच, त्याची ती जातच आहे. पण तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं, त्यामुळे मी गप्प बसलो.)

इतका वेळ पान, मूळ, माती, कीड सगळं तपासून झालं होतं. तारीख कोणी तपासली नव्हती.

ते काम एका फरशीवाल्याने केलं. मेमध्ये गुरुजींच्या न्हाणीघराचं काम चाललं होतं. बिहारकडचा एक कारागीर पाणी घ्यायला मागे आला, काळ्या पडलेल्या झाडाचा दांडा मोडून बघितला आणि म्हणाला, "ये तो बकला है चाचा. गरमी में कौन लगाता है?" त्यांच्याकडे छठपूजेच्या आसपास पेरतात आणि होळीपर्यंत खाऊन मोकळे होतात, असं त्याचं म्हणणं. गुरुजींनी पाकीट आणून दाखवलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, चित्र मात्र पटलं.

मला मात्र ते तितक्यात पटलं नाही. २७ वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला फरशीवाल्याचं ऐकायला थोडा वेळ लागतो. पाकिटातल्या सहा बिया शिल्लक होत्या. मी प्लास्टिकचे तीन ग्लास घेतले, बुडाला भोकं पाडली, एकात बाकला, एकात वहिनींचा पावटा, एकात वाटाणा टोकला आणि खिडकीत ठेवले.

आठवड्याने पावटा वर आला तो दोन जाड दलं डोक्यावर घेऊन, घेवडा येतो तसा. बी जमिनीतून वर उचललं जातं आणि पहिली पानं त्याच्यामधून फुटतात. वाटाण्याच्या ग्लासात नुसता कोवळा कोंब होता, दलं मातीतच. बाकल्याच्या ग्लासातही तेच. काडीने माती बाजूला केली तर बी जागच्या जागी, फुगलेलं, आणि त्याच्या कुशीतून कोंब वर गेलेला. मग उरलेल्या जुन्या झाडाचा दांडा चिमटीत धरला: चौकोनी, आतून पोकळ. पावट्याचा दांडा असा नसतो.

हा घेवड्याचा भाऊ नव्हताच, वाटाण्याचा होता.

एवढं एक नातं कळलं आणि बाकीचं आपोआप जुळत गेलं. बाकला म्हणजे व्हिसिया फाबा. वाटाणा, मसूर, लाख डाळ यांच्या कुळातला. पावटा-घेवड्याला ऊब लागते, पावसाळ्यात पेरला तरी चालतो. वाटाणा-मसूर थंडीचे, रब्बीचे. उत्तर भारतात बाकला दव आणि कडाका दोन्ही सोसतो, पण फुलोऱ्यात पारा सारखा २७-२८ अंशांच्या वर राहिला की शेंग धरायचं प्रमाण घसरतं. उष्णतेत परागकण निकामी होतात, फलन होत नाही, फूल देठापासून सुटतं. त्याला संजीवक काय करणार? साताऱ्यात मार्चअखेर दुपारी ३५-३६ असतो. त्यात २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. अर्थात तो साधा असता तरी शेंग धरली नसतीच.

आणि गाठी? वाटाणा, मसूर, बाकला यांच्या मुळांवर एकाच गटातला रायझोबियम, म्हणजे गाठी करणारा जिवाणू, बसतो. पावट्याचा गट निराळा, घेवड्याचा आणखी निराळा. गुरुजींच्या बागेत वर्षानुवर्षं पावटा होता, वाटाणा कधीच नव्हता. दुकानात रायझोबियमच्या पाकिटावर पीक बघून द्या असं मीच पोरांना सांगायचो, आणि स्वतः ते विसरलो. पण गाठी नसणं हे शेंग न धरण्याचं कारण नव्हतं, शेजारी सापडलेली दुसरी एक उणीव होती. रोगी तपासताना असं होतं. एक दोष सापडला की माणूस शोधायचं थांबतो.

पाकीटही खोटं नव्हतं. इंग्लंडात फेब्रुवारी-मार्चात पेरलेल्या बाकल्याला मे-जूनमध्ये फूल येतं, आणि तिथला मे-जून म्हणजे आपल्या पौषाहून गार. त्यांचा फेब्रुवारी आपल्याकडे आणायचा तर तो आश्विन-कार्तिकात येऊन पडतो. गुरुजींनी हे ऐकलं, आत गेले, लाल पेन आणलं आणि पाकिटावरच्या 'फेब्रुवारी'वर फुली मारून बाजूला 'दिवाळी' लिहिलं. ४० वर्षांची सवय.

यानंतर हिशेब उलटा केला. शाळेच्या वेळापत्रकासारखा पेरणीपासून पुढे नाही, फुलापासून मागे. साताऱ्यात सर्वांत गार दिवस डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. पहाटे पारा १२-१३ वर येतो, कधी त्याखालीही, दुपारी २८ ते ३०. म्हणजे बाकल्याच्या दृष्टीने आपण काठावर आहोत, ऐन मोक्याचे दिवस पाच-सहा आठवडे. पेरणीपासून फुलाला साधारण ५० दिवस. १५ डिसेंबरला फूल हवं तर २५ ऑक्टोबरच्या आगेमागे बी जमिनीत पाहिजे.

बी आलं फरशीवाल्याकडूनच. तो जूनमध्ये धान लावायला गावी गेला, ऑगस्टअखेर परतला तेव्हा अर्धा किलो बाकला घेऊन आला. पैसे घेईना. वहिनींनी त्याला कांदा-लसूण मसाल्याची बरणी दिली. हे बी विलायतीपेक्षा लहान, तपकिरी, टोकाला काळी रेघ. ती रेघ म्हणजे बियाचा डोळा, शेंगेला चिकटलेला असतो तिथला.

माझी दुसरी चूक इथली. हिशेब २५ ऑक्टोबरचा निघाला असताना मला घाई झाली. थंडी जितकी जास्त मिळेल तितकी बरी म्हणून ९ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या दिवशी, २० बिया लावायला लावल्या. तेही रात्रभर भिजवून. त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळला. वाफ्यात पाणी थबकलं, खालचा मुरूम ते पिईना. दहा दिवसांनी उकरून पाहिलं तर बिया दोन बोटांत दाबताच पिठासारख्या फुटल्या, आंबूस वास. वीसपैकी चार उगवल्या. भिजवलेल्या बियाने आधीच पोटभर पाणी प्यायलेलं असतं, वरून चिखल झाला की त्याला हवा मिळत नाही, गुदमरून कुजतं. भिजवणं कोरड्या जमिनीसाठी ठीक. पावसाने ओल्या झालेल्या मातीत वाफसा येईपर्यंत थांबायचं आणि बी कोरडंच टोकायचं.

म्हणजे आपल्याकडे ही खिडकी दोन्ही बाजूंनी अरुंद. पुढून परतीचा पाऊस दार लावतो, मागून फेब्रुवारीचं ऊन.

लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २५ ला वाफसा आला होता, पण त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण, वहिनींनी बागेत पाऊल टाकू दिलं नाही. पाडवा आणि भाऊबीज २६ ला एकाच दिवशी आली. शेवटी गुरुवारी, २७ तारखेला पेरलं. या वेळी जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा केला, पाण्याला वाट ठेवली. दोन ओळींत दीड फूट, दोन बियांत एक वीत, खोली बोटाची दोन पेरं. चार ओळी, प्रत्येकीत १२, एकूण ४८. मांडव नाही. चार कोपऱ्यांना तुरीच्या काठ्या आणि भोवती सुतळीचे दोन वेढे, वाऱ्याने दांडा मोडू नये एवढ्यापुरते.

गाठींचा प्रश्न मला सोडवायचा होता. माझ्या मेव्हण्याच्या खटाव तालुक्यातल्या रानात दरवर्षी वाटाणा असतो. तिथली घमेलंभर माती आणून दोन ओळींच्या खाली पसरली, दोन ओळी तशाच ठेवल्या. (वाटाण्याचं रायझोबियम गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळलं तरी चालतं, पण पाकीट १० किलो बियाला पुरतं आणि आमच्याकडे ४८ दाणे.)

नवव्या दिवशी कोंब दिसले, दोन आठवड्यांत ४८ पैकी ३९ वर. दोन झाडांचे शेंडे चिमण्यांनी तोडले. पावटा असता तर संपला असता. बाकल्याचं बी जमिनीत शाबूत असल्याने बुडातून नवे फुटवे आले, आणि ती दोन झाडं पुढे सर्वांत घेरदार झाली. वहिनींनी चिमण्यांना त्यानंतर हाकललं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला प्रत्येक गटातलं एकेक झाड काढून मुळं पाहिली. खटावच्या मातीतल्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी लगडलेल्या. एक नखाने कापली, आत गुलाबी. गुलाबी म्हणजे काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती बसून खातेय. दुसऱ्या गटात तुरळक गाठी, त्यातल्या दोन-तीन गुलाबी. पानांच्या हिरवेपणात फरक डोळ्यांना दिसत होता. शेंगांचा हिशेब केला तेव्हा मात्र दोन्ही गटांत झाडामागे दीड-दोन शेंगांचाच फरक निघाला. जमीन शेणखताने पोसलेली होती, त्यामुळे असेल. काहीही असो, एप्रिलमध्ये मी ज्याला कारण म्हणून बोट दाखवलं होतं, त्याचं वजन एवढंच.

पहिलं फूल १५ डिसेंबरला. एकही दिवस इकडेतिकडे न होता ते आलं, हा योगायोग. पण गुरुजी दोन दिवस गल्लीत सांगत फिरले.

मग त्यांनी जे केलं ते मला दुकानातल्या २७ वर्षांत सुचलं नव्हतं. चार झाडं निवडली. १८ डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी त्या दिवशी उमललेल्या सर्वांत वरच्या फुलाच्या पेराला लोकरीचा धागा बांधायचा, दर आठवड्याला रंग वेगळा, आणि वहीत तारीख, दुपारचं तापमान. बाकल्याला फूल खालून वर येत जातं, त्यामुळे दांडा हीच तारखांची पट्टी झाली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मावा आला. काळा, शेंड्याच्या कोवळ्या पानांत खच्चून भरलेला, आणि दांड्यावरून मुंग्यांची ये-जा. जुना मी असतो तर बाटली काढली असती. पण फुलांवर सातेरी मधमाश्या येत होत्या आणि खाली शेंगा धरलेल्या होत्या. मावा शेंड्यालाच बसतो, कारण रस तिथे कोवळा. म्हणून शेंडाच चार बोटं खुडला, माव्यासकट साबणाच्या पाण्याच्या बादलीत. उरलेल्यावर ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी माश्या गेल्यावर. आठवड्याने मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्या दिसायला लागल्या, मग आम्ही हात आवरले. गुरुजींच्या चार धाग्यांच्या झाडांचे शेंडे मात्र खुडले नाहीत. मोजमाप बिघडेल म्हणून ते अडून बसले, तिथला मावा त्यांनी ब्रशने झाडला.

२६ फेब्रुवारीला त्यातलं एक झाड बुडातून कापून ओसरीवर आडवं ठेवलं. बुडाकडून पहिली सहा-सात पेरं नुसती पानांची. मग १८ डिसेंबरचा लाल धागा, त्यापाशी तीन भरलेल्या शेंगा. २५ डिसेंबर पिवळा, तीन. १ जानेवारी, तीन. ८ जानेवारी, दोन. १५ जानेवारी, दोन. २२ जानेवारीच्या निळ्या धाग्याशी एक, तीही अर्धवट, एका दाण्याची. त्यानंतर २९ जानेवारीपासून १२ फेब्रुवारीपर्यंतच्या धाग्यांपाशी वाळलेल्या देठांचे नुसते व्रण. उरलेल्या तीन झाडांचंही थोड्याफार फरकाने तेच. गुरुजींच्या वहीत २२ जानेवारीनंतर दुपारचा आकडा ३० च्या खाली आलेला नव्हता. पुढचा २०२३ चा फेब्रुवारी तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी म्हणून हवामान खात्याने नोंदवला.

इथे मला एक शंका गुरुजींना सांगावी लागली. वरची फुलं गळण्याचं सगळं खापर उन्हावर फोडता येत नाही. खाली शेंगा भरत असल्या की झाड अन्न तिकडे ओढतं आणि वरची फुलं सोडून देतं. बाकल्याची तर चांगल्या हवेतही निम्म्याहून जास्त फुलं गळतात. गुरुजी थोडे नाराज झाले. पण पहिल्या वर्षीच्या झाडांवर खाली एकही शेंग नव्हती, ओढायला कोणी नव्हतं, तरी फूल टिकलं नाही. तेव्हा पहिल्या वर्षाचा निकाल उन्हाचाच, दुसऱ्या वर्षीच्या शेंड्याचा निकाल दोघांत वाटून.

तोडणी २५ जानेवारीपासून महिनाभर चालली. दाणा आतून बोटाला लागतो, पण शेंग अजून हिरवी आणि कोवळी आहे, तेव्हा तोडायची. डोळ्याची रेघ काळी पडली की साल जाड होते. शेंग उकलली की आत पांढरी लव, सोनाराच्या डबीतल्या मखमलीसारखी, आणि त्यात दाणे एकेका खळग्यात बसलेले. वहिनी पहिली शेंग उकलून बराच वेळ तशीच धरून बसल्या होत्या. एकूण तीन किलो शेंग, सोललेले दाणे एक किलोच्या आसपास. बाजाराच्या हिशेबाने हसण्यासारखं.

दाण्याला आणखी एक साल असते. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून गार पाण्यात काढले की चिमटीत धरून दाबायचं, आतला पोपटी दाणा सटकन बाहेर येतो. वालाची डाळिंबी सोललेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. वहिनींनी कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला, भाकरीबरोबर. चव पावट्याच्या जवळची, पण कडवटपणा नाही, थोडी पिठूळ. गुरुजींना पावटाच बरा वाटतो. मलाही, खरं सांगायचं तर.

शेजारी वाटप सुरू झालं तेव्हा मी वहिनींना थांबवलं. जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असलेल्या माणसाने बाकला खाऊ नये, कच्चा नाही आणि शिजवलेलाही नाही. त्यातल्या काही द्रव्यांमुळे अशा माणसाच्या तांबड्या पेशी फुटतात. एक-दोन दिवसांत डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, धाप लागते. लहान मुलांना जास्त धोका, आणि दोष आईकडून येत असला तरी भोगतात बहुतेक मुलगे. आपल्याकडे बाकला ताटात नसल्यामुळे हे कोणाच्या डोक्यातही नसतं. वहिनींना हे जरा अतीच वाटलं. तरी प्रत्येक घरी पिशवी देताना त्यांनी विचारलं. चौथ्या घरातल्या सुनेने मुलाची जन्माच्या वेळची फाइल काढली, त्यात डॉक्टरांनी हीच कमतरता लिहून लाल रेघ मारलेली. ती पिशवी परत आली आणि वहिनींनी त्यानंतर मला काही ऐकवलं नाही.

सहा झाडं बियाला ठेवली होती. मार्चमध्ये ती पुन्हा काळी पडली, या वेळी कोणी घाबरलं नाही. शेंगा वाळवून, दाणे काढून, कडक उन्हात दोन दिवस दाखवून डब्यात चुलीच्या राखेत ठेवले. भुंगेरा लागला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यातलेच दाणे पुन्हा पेरले, या खेपेला घाई न करता. मूठभर दाणे वहिनींच्या भावाला सांगलीला दिले, विश्रामबागेत. सांगली साताऱ्यापेक्षा सखल आणि उष्ण, तिथे खिडकी आणखी अरुंद असणार, म्हणून पुडीवर गुरुजींनी लाल पेनने 'दिवाळीतच' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं.

२०२४ च्या मार्चमध्ये त्यांचा फोन आला. गुरुजींनी तो स्पीकरवर टाकला.

"भावजी, झाडं एक नंबर आलीत. फुलं तर नुसती खचाखच. पण शेंग काय धरेना. माती बदलू का? का एखादं औषध मारू? बापूंना विचारा की जरा."

मी पुढे होऊन विचारलं, "पेरलं कधी?"

"संक्रांत झाल्यावर. का हो?"